चार ओळींचा दूत

स्तामातिस हाजिलुकासला स्वरलिपी वाचता येत नव्हती. आता सांगायला हरकत नाही, तो निवृत्त झालाय. मी एव्हांथिया. ऑपेरेटाच्या, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांच्या, कंपनीत सतरा वर्षं प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं, त्यात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे माझं काम. तिथून नटांचे बूट तेवढे नीट दिसतात. स्तामातिसचे बूट कायम कुणाकडून तरी मागून आणलेले असायचे.

आम्ही दोघंही अथेन्सजवळच्या कोकिन्या वस्तीतले, तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून पळून आलेल्यांची पोरं. विशीत तो गालिच्यांच्या कारखान्यात लोकर रंगवायचा. हात कोपरापर्यंत निळे, आणि तोंडात सारखं गाणं. कोपऱ्यावर फोतिसकाकांचं न्हाव्याचं दुकान होतं. एकदा त्यांनी त्याला दारातच अडवलं.

"काय रे रंगाऱ्या, गातोस की ओरडतोस?"

"गातो की, काका."

"मग तोंड उघड ना मेल्या! दात काय गहाण टाकलेत?"

आणि त्यांनी भिंतीवरचं मॅन्डोलिन काढलं. काकांना स्वरलिपी येत होती. ते एक ओळ वाजवायचे, हा ती उचलायचा. दोन वर्षांत पंचवीस ऑपेरेटा त्याला तोंडपाठ. कंपनीत सगळ्यांना वाटायचं, हा कागद न बघता गातो म्हणजे केवढा तयारीचा! मी भोकात बसून हसायचे.

पुढची अठरा वर्षं तो आमचा नायक होता. उन्हाळ्यात अथेन्सच्या उघड्या थिएटरांत, हिवाळ्यात पात्रास, व्होलोस, एकदा अलेक्झांड्रिया. उंचीला बेताचा, अभिनय विचारू नका, पण वरचा स्वर असा लागायचा की भोपळ्याच्या बिया चघळणाऱ्यांची तोंडं थांबायची. मग "बिस! बिस!" सुरू. बिस म्हणजे पुन्हा गा. गाण्याला बिस मिळाला नाही तर आमचा मालक पुढच्या मोसमाला नट बदलायचा, इतकं ते सरळ होतं. म्हणून कोकिन्यातली माणसं बाक अडवून बसायची. आपल्या माणसाला बिस घालणं हे त्यांच्या लेखी शेजारधर्मात मोडत होतं, मयताला जातात तसं. पहिली आरोळी नेहमी फोतिसकाकांची.

पण एकच गाणं रोज तीनदा, तेही दोन-दोन खेळांत! एक्केचाळिसाव्या वर्षी त्याच्या घशात गाठी झाल्या. डॉक्टर म्हणाले, "असंच चालवलंत तर दोन वर्षांत बोलणंसुद्धा बंद." त्याची बायको देस्पिना त्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. घरात दोन मुली, आणि नवऱ्याला गाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. लोकर रंगवायला परत जायचं वय गेलं होतं.

त्याच सुमाराला अथेन्समधल्या मोठ्या सरकारी ऑपेरात छोट्या भूमिकांसाठी एक जागा निघाली. बारा महिने पगार, आजारपणाची सोय, आणि एका संध्याकाळी फार तर आठ ओळी. स्तामातिससाठी ती जागा म्हणजे जीवदानच. तिथं ऑपेरेटावाल्यांकडे नाक मुरडून बघायचे, तरी आवाज ऐकून त्याला एक संधी दिली. रविवारी दुपारच्या खेळात दूताची भूमिका. राजाला युद्धाची बातमी सांगायची, चार ओळी, आणि पडदा पडेपर्यंत गुडघा टेकून बसून राहायचं. ते जमलं तर जागा पक्की.

त्या चार ओळीही काकांनीच बसवून घेतल्या. दहा दिवस, दुकान बंद करून.

वाद्यवृंदाच्या संचालकांनी स्तामातिसला आधीच बजावलं होतं, "हे ऑपेरेटा नाही. इथं कुणी भूमिका सोडून प्रेक्षकांकडे बघत नाही. बघितलंत की संपलं." हे त्यानं आम्हाला सांगितलंच नाही. चार ओळींना बिस कोण घालणार, असं त्याला वाटलं. आणि मी मूर्ख! मी गल्लीभर सांगत सुटले, "रविवारी स्तामातिसचं ठरणार आहे, सगळ्यांनी या." सगळ्यात वरच्या गॅलरीची चाळीस तिकिटं मीच आणली. काकांचा एक पाय लाकडी. चौऱ्याण्णव पायऱ्या चढले ते, मधे कुठंही न बसता.

बायकांनी चर्चला घालायचे कपडे घातले होते. कुणी बिया आणल्या नव्हत्या. दुसऱ्या अंकात स्तामातिस आला, दाढी लावलेला. गायला. आणि काय गायला! दहा दिवस खेळ नसल्यानं घशाला विश्रांती होती, शेवटचा स्वर अख्ख्या थिएटरात घुमला. मला वाटलं, झालं, मिळाली जागा.

तेवढ्यात माझ्या शेजारून आरोळी उठली. "बिस!"

मग चाळीसच्या चाळीस. "बिस, स्तामाती! बिस!" खालचे सूटवाले माना वर करून बघायला लागले. राजा गाणार होता, त्याला सुरुवातच करता येईना. संचालकांनी छडी खाली ठेवली. वाद्यं थांबली. रखवालदार धावत आला, "शू! शू!" करत. आमची माणसं गप्प झाली, पण काकांना वाटलं, वरून कोण ओरडतंय ते पोराला कळलं नसेल. त्या शांततेत ते कठड्यावर वाकून म्हणाले,

"अरे स्तामाती, आम्ही आहोत रे!"

स्तामातिस गुडघा टेकून राजाकडे बघत होता. त्याची मान हलली नाही. मी त्याला विशीपासून ओळखत होते, हा माणूस रस्त्यात मांजरानं आवाज दिला तरी वळणारा. नाही वळला. खालून कुणीतरी हसलं. संचालकांनी छडी उचलली आणि राजा गायला.

पडदा पडला तशी मी रंगमंचामागे पळत गेले. "स्तामाती, माझी चूक झाली. मला ठाऊक नव्हतं रे!"

तो दाढी सोलत होता. "जागा मिळाली," म्हणाला. "संचालक म्हणाले, असा संयम त्यांनी पाहिला नाही." मग आरशातूनच विचारलं, "काका वर चढले?"

"चढले."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तो पुन्हा दाढी सोलायला लागला. मला त्याचा राग आला आणि स्वतःचाही. कुणाचा जास्त, ते अजून ठरवता आलेलं नाही.

त्या जागेवर तो एकवीस वर्षं गायला. दूत, नोकर, दुसरा पहारेकरी, एकदा आंधळा भिकारी. आवाज टिकला, मुलींची लग्नं झाली, देस्पिनाच्या डोळ्यांचं ऑपरेशन सरकारी खर्चानं झालं. समीक्षकांनी त्याचं नाव दोनदा छापलं, त्यात एकदा चुकीचं. कोकिन्यातलं कुणी पुन्हा त्या गॅलरीत गेलं नाही. भांडण झालं असंही नाही. बायका म्हणायच्या, "आम्हाला बाई तिथलं कळत नाही, उगाच त्याला अडचण." लाजच वाटली होती त्यांना.

पण त्या रविवारनंतरचा मंगळवार सांगायचा राहिला. दुकान उघडल्याबरोबर स्तामातिस दाढीला गेला, रोजच्यासारखा. मी मुद्दाम सोबत गेले. काकांनी फडकं बांधलं, फेस लावला, वस्तरा चालवायला लागले. एरवी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गाणं चालायचं. त्या दिवशी अर्धी दाढी नुसत्या वस्तऱ्याच्या आवाजात झाली. शेवटी स्तामातिसनंच तोंड उघडलं.

"काका, रविवारी तुमचा आवाज मला ऐकूच आला नाही बघा. खाली वाद्यं फार जोरात असतात."

काकांनी वस्तरा फडक्याला पुसला.

"वाद्यं थांबली होती, स्तामाती."

स्तामातिसनं डोळे मिटून घेतले. काकांनी त्याची हनुवटी दोन बोटांनी हलकेच वळवली आणि उरलेला गाल पूर्ण केला.