पत्रिकेत आपलं नाव

आसाराम माझा धाकटा भाऊ. मला दिलीय गावातच, पुणतांब्यात, त्यामुळं त्याचं तोंड रोज बघावं लागतं. शेती चांगली, तब्येत चांगली, अक्कल तेवढी यायची राहिली. ह्या बाबाला जन्मात एकच हौस, लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव! आमच्याकडच्या पत्रिकेत नवरानवरी शोधावी लागते. बाकी सगळी भावकी, सोयरेधायरे, चेअरमन, माजी चेअरमन. पत्रिका हातात आली की आसाराम बोट लावून एकेक नाव बघत खाली जातो. सापडलं तर लग्नात सगळ्यांच्या पुढं. न्हाई सापडलं तर जेवायलासुदिक जात न्हाई, फुगून बसतो. मोठा आला मानकरी!

आता पत्रिका मोबाईलवर येत्यात. त्याची पोरगी धनश्री नगरला, सावेडीत शाळेवर हाय. हुशार पोरगी, कुनावर गेली देव जाने. तिनं बापाला बजावलं हुतं, "बाबा, खरी पत्रिका फोटोसारखी नुसती उघडते. फोननं 'इन्स्टॉल करू का' असं विचारलं की समजायचं, ही पत्रिका नाही. आत बसून तुमच्यावर नजर ठेवणारं काहीतरी आहे. लगेच बंद करायचं."

"बापाला शिकवती व्हय?" हा म्हनला.

मग भावकीतल्या छगनच्या नंबरवरनं 'लग्नपत्रिका' आली. ह्यानं दाबली. फोन बिचारा म्हनतोय, धोका हाय. हा म्हनतोय, असू दे. मेसेज वाचू का? वाच. नंबर बघू का? बघ. कॅमेरा, माईक? घे बाबा, समदं घे. "मला वाटलं, पत्रिका मोठी असंल, अक्का. नावं लई असत्याल, म्हनून एवढ्या परवानग्या मागतीय." हे त्यानं मला मागनं तोंड वर करून सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

पत्रिका काय उघडली न्हाई. पन फोनमधी कोन तरी घुसलं. ते आसारामचे मेसेज वाचायला लागलं, आन् त्याच्याच नंबरवरनं तीच पत्रिका गावभर धाडायला लागलं. लोकांनी पटापट दाबली. का? तर आसारामच्या घरची पत्रिका, आपलं नाव छापलंय का बघू! सगळे तसलेच, मेले.

राहात्याचे सहादेवराव म्हंजे धनश्रीचे होनारे सासरे. पेरूचे व्यापारी. सुपारी फुटलेली, तारीख धरलेली. त्यांनीबी दाबली. झालं, त्यांच्या नावानं ती घान अख्ख्या मार्केटला गेली. त्यांचा आसारामला फोन आला, "असलं घर आमाला नको. सोयरीक मोडली समजा."

धनश्रीला सुनील, सहादेवरावांचा पोरगा, मनापासनं आवडलेला. पोरगी रडत बसली न्हाई. मला वाटलं, ह्या मानकऱ्याला ओट्यावर घेऊन बडवावं.

ती तशीच गावी आली. बापाच्या फोनचं नेट बंद केलं, सिम काढलं, आपल्या फोनवरनं त्याचे सगळे पासवर्ड बदलले, सायबर पोलिसांना कळवलं. मग फोन पार पुसून कोरा केला. आसाराम म्हनला, "माझे फोटो गं?" तिनं कोरा फोन त्याच्या हातात ठेवला.

मग मला स्कुटीवर मागं बसवलं आन् थेट राहात्याला. सहादेवराव गुर्मीत बसलेले. धनश्री म्हनली, "मामा, बाबा चुकलेच. पण फोन तुम्हालाही म्हणाला होता ना, धोका आहे म्हणून? मग का दाबलं?"

सहादेवराव खाली बघायला लागले. "आमचं नाव मोठ्या अक्षरात हाय का, ते बघत हुतो."

सुनीलला हसू आवरंना. मी मनात म्हनलं, घ्या, एक कमी हुता म्हनून दुसरा! धनश्रीनं त्यांचाबी फोन साफ करून दिला. सहादेवरावांनी तिच्या हातचा चहा घेतला, म्हंजे सोयरीक राहिली. पन उठताना पोरीनं अट घातली, "पत्रिकेवर दोनच नावं. माझं आणि सुनीलचं. आणि ती कागदावरच. आपल्या दोन घरांतून मोबाईलवर आलेलं आता कुणी उघडणार नाही."

सहादेवरावांनी मान डोलावली, घरी आल्यावर आसारामलाबी डोलवावी लागली.

आता आसाराम उन्हातानात दारोदार हिंडतोय. हातात अक्षता आन् पत्रिका, त्या पत्रिकेवर त्याचं सवताचं नाव न्हाई. लोक पत्रिका उघडत्यात, त्याच्याकडं बघत्यात, हसत्यात. बरं झालं! मला काडीची दया आली न्हाई.

काल माझ्या दारात आला. मी पत्रिका घेतली, उघडली. धनश्री, सुनील, तारीख, ठिकान. मी ती उलटून मागची बाजू बघितली. परत पुढची बघितली. पाकिटातबी बोट घालून बघितलं.

"काय शोधती, अक्का?" आसाराम म्हनला.

काय सांगनार, डोंबल!