आमेनच्या आधीच नळ आला

मित्रहो, आज डोकं फिरलं म्हणून लिहून राहिलो.

अकोल्यात आमच्या गल्लीत कित्येक दिवसांपासून नळ नव्हता. आज संध्याकाळी माह्या घरी चर्चमधल्या शेजाऱ्यांची प्रार्थना सभा झाली. सगळ्यांनी अक्षरशः रडून देवाले पाणी मागतलं. अन् प्रार्थना चालू असतानाच नळ आला!

‘आमेन’ म्हणायले कोणी थांबलं नाही. सतरंजी रिकामी, सारे आपापल्या बादल्यांकडे पळाले. आभाराचं गाणं म्हणायले एकही जण परत आला नाही.

मंग मीच शेजारच्या सॅम्युअलभाऊकडे गेलो. म्हटलं, “काहो, देवाचे आभार राहिले नं!”

ड्रम भरता भरता भाऊ म्हणे, “आमी खुश आहो, हे देवाले माहीत आहे नं.”

मंग नळ नाही, हे देवाले माहीत नव्हतं काय? ते कायले रडून सांगतलं?