तोंडाची यंत्रं, कानाची यंत्रं

"त्याला तोंड हाय का कान?"

बाजारात नवं काहीही आलं की आमच्या भाऊंचा पहिला सवाल हाच. मी दुकानात कॅल्क्युलेटर आणला तेव्हा त्यांनी तो उलटापालटा करून बघितला. "अप्पा, ह्याला तोंड हाय का कान?" मी म्हणालो, "भाऊ, आकडेमोड करतंय ते. तोंडबी न्हाई, कानबी न्हाई." "मंग मुकं जनावर हाय. असू द्या," असं म्हणून त्यांनी तो परत दिला.

भाऊंनी जगातल्या यंत्रांच्या दोन जाती पाडल्या होत्या. ज्यातून आवाज बाहेर येतो ते तोंडाचं यंत्र. रेडिओ, टेप, टीव्ही, भोंगा. ते कितीही बडबडलं तरी बिचारं गरीब. ज्याच्यात आपला आवाज आत जातो ते कानाचं यंत्र, आणि त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. "बटन फिरवलं की तोंड बंद होतंय, अप्पा. कान कसा बंद करनार?" आता गंमत बघा, भाऊंचं पोट चालायचं टेलिफोनवर, आणि टेलिफोनला तर तोंडही आहे आणि कानही. ते मी बोलून दाखवलं की म्हणायचे, "म्हणून तर म्या तितं बसलोय. राखणीला."

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, इतकं पुरे. केजच्या आणि घाटनांदूरच्या मंडळींनी उगाच एकमेकांकडं बघू नये. माणसंही मी इथं थोडी फिरवून लिहिली आहेत, तेव्हा शोधायला जाऊ नका. भाऊंनी स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नाव घालू दिलं नव्हतं. पिवळ्या पाटीवर एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ., त्याखाली 'कॅसेट भरून मिळेल', आणि पेंटरनं 'प्रोप्रायटर' लिहून पुढं सोडलेली जागा कायम मोकळी. "नाव कशाला पायजे? फोन काय नावानं लागतो का?"

स्टँडच्या रस्त्यावर माझं कापडाचं दुकान आणि त्याला लागून त्यांचा गाळा. भाऊ एका पायानं अधू होते, म्हणून अपंगांच्या कोट्यातून त्यांना बूथ मिळालेला. काचेची केबिन, आत लाल आकड्यांचं मीटर, आणि एक दार, जे कधी नीट लागलं नाही. त्या दाराचा भाऊंना भारी घोर. सुताराला तीनदा बोलावलं, पण दार काही ऐकेना. शेवटी त्यांनी स्वतःच इलाज काढला. कोणी केबिनमध्ये शिरलं की भाऊंचा हात कॅसेटच्या डेककडं जायचा आणि गाणं मोठं व्हायचं. बाकावर नंबर लावून बसलेल्या लोकांना आतलं अक्षर कळू नये म्हणून.

त्यातही त्यांची निवड असायची. सोयरिकीचं बोलणं असलं तर सनई. आत रडारड चालू असली तर टाळमृदंगाचं भजन, कारण त्यात हुंदका ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं. आता बाहेर एवढा गलका म्हटल्यावर आतला माणूस बेंबीच्या देठापासून ओरडणार. तो ओरडला की भाऊ आवाज आणखी वाढवणार. तो आणखी ओरडणार. आमच्या गल्लीतल्या एका जावयाला पुण्याहून सासऱ्यानं विचारलं म्हणे, "तुमच्या गावात रोजच कुणाचं लग्न असतं हो?"

माझी तर फार पंचाईत व्हायची. कापडवाल्याला गावात कुणाकडं काय ठरतंय हे कळायला नको का? कुणाच्या घरी लग्न आहे हे ठाऊक नसेल तर शालू भरायचे कुणाच्या भरवशावर? मी भाऊंना आडून आडून विचारायचो. "सकाळी पाटलाकडचे लई येळ बोलत होते?" भाऊ म्हणायचे, "हां. गाणं चांगलं होतं."

एकदा ते लातूरला गेलते. तिथं कुणाकडं तरी पहिल्यांदा सी.डी. ऐकली. परत आले ते स्वतःच्या दुकानाचं कुलूप न काढता माझ्याकडं. "अप्पा, खरखर न्हाई! बाई गातीय अन् मागं कायबी न्हाई. गाता गाता दम घेती, त्यो बी ऐकू येतोय!" डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग हळूच म्हणाले, "अन् चकतीला कान न्हाई. निस्तं तोंड."

कॅसेटवाला माणूस, तेव्हा हा आता कॅसेटसाठी गळा काढणार असं सगळ्यांना वाटलेलं. छे! कॉलेजातले एक सर यायचे. ते म्हणाले, "कॅसेटची ऊबच वेगळी, भाऊ." भाऊ म्हणाले, "उन्हाळ्यात या सर, ऊब दावतो. फीत पार चिकटून बसती." पुढं गाणी कॉम्प्युटरमध्ये शिरली, एका चकतीवर ढिगानं बसायला लागली. त्याच सरांनी समजावून सांगितलं, की ह्यात गाणं गाणं नसतं, आकड्यांत मांडून ठेवलेलं असतं. "ठिवंनात का," भाऊ म्हणाले. "जवारी कणगीत ठिवली काय अन् पोत्यात ठिवली काय, भाकर भाकरच."

मोबाईलवर मात्र त्यांचा दात. एक कंत्राटदार नवा मोबाईल मिरवत बूथवर आला. भाऊंनी विचारलं, "झोपताना कुटं ठिवता?" तो म्हणाला, "उशाला." "म्हंजी दुसऱ्याचा कान उशाला घिऊन झोपता." तो हसला. तो गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "माणूस कदी कदी सापडू नये, अप्पा. हाक मारली की सापडतंय ते दावणीचं ढोर."

राजकारणावर बोलायला त्यांना फार आवडायचं, फक्त स्वतःचं मत सोडून. त्यांचा आवाज भरदार होता. निवडणूक लागली की सगळे उमेदवार प्रचाराची कॅसेट भरायला त्यांच्याकडंच यायचे. सकाळी ते एकाला विकासपुरुष करायचे आणि दुपारी त्याच आवाजात त्याच्या विरोधकाला गोरगरिबांचा कैवारी. मी विचारलं, "भाऊ, तुमचं मत कुणाला?" तर म्हणाले, "पुढाऱ्याचं तोंड मंडपात असतंय अप्पा, पण कान दुसऱ्याच्या घरात असतेत. हळू बोला." वहिनींनासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही. वहिनी माझ्यासमोर तणतणायच्या, "एका ताटात जेवतेत अन् मत सांगत न्हाईत." "म्या तुला इचारतो का?" "इचारा की! मी सांगते!" "मला न्हाई ऐकायचं," असं म्हणून भाऊ डेककडं वळायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तो अविश्वासाचा ठराव आला.

पंचायत समितीच्या सभापतीवर ठराव. अशा वेळी आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सदस्यांना सहलीला नेतात. जीपगाड्या भरून कुठंतरी देवाला नाहीतर समुद्राला, आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहाच्या दारात उतरवायचं. तोवर कोण कुठं आहे ते बायकोलाही कळू द्यायचं नाही, नाहीतर दुसरी बाजू जाऊन उचलून आणायची. आमच्या मागच्या गल्लीतला एक तरणा सदस्य असाच विरोधकांच्या जीपमधून गेला होता. त्याच्या घरच्या फोनवर सभापतीच्या लोकांचं लक्ष, म्हणून तो रोज दुपारी भाऊंच्या बूथवर फोन करायचा. त्याची बायको त्या वेळेला येऊन बसायची.

ती पदर कपाळापर्यंत ओढून यायची. तिच्या बांगड्या कोपराकडं सरकल्या की मनगटावर कसले वळ असायचे, ते त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांना दिसायचं. बोलायचं मात्र कोणी नाही. नवऱ्याचा फोन झटक्यात आटपायचा. मग ती स्वतः एक नंबर फिरवायची आणि बराच वेळ बोलायची. नवरा गावात असताना तिला बूथवर आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. भाऊ भजन लावायचे. मी भिंतीला कान लावला असं म्हणणार नाही, पण त्या बाजूच्या कप्प्यातली कापडं मी त्या दिवसांत बरीच झाडली. टाळांशिवाय काही ऐकू आलं नाही.

सभापतीचा एक माणूस आला. भाऊंचा गाळा सभापतीच्या मालकीचा, हे सांगायचं राहिलंच. तो गोडीत म्हणाला, "भाऊ, फोनची एक वायर तुमच्या डेकला जोडायची. ती बाई काय बोलती तेवडं भरून घ्यायचं. तिचा नवरा कुटं ठिवलाय ते कळंल."

"माज्या डेकला तोंड हाय. कान न्हाई."

"न्हाई कसा बे?" आदर संपला होता. "हे लाल बटन कशाचं हाय मग?"

भाऊंनी वाकून ते बटण बघितलं. त्यांच्या डोक्यात ते खरंच कधी आलं नव्हतं. रोज ते बटण दाबून लोकांना गाणी भरून देत होते, उमेदवारांना मोठं करत होते, आणि आपल्याच घरात एक कान बसलाय हे त्यांना दिसलं नव्हतं. इतकं उतरलेलं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नाही. "जमणार न्हाई," एवढंच ते म्हणाले. माणूस म्हणाला, "गाळा कुणाचा हाय, म्हाईत हाय न्हवं?" आणि गेला.

त्या दुपारी भाऊंनी डेक उघडला, झाळण्याची सळई तापवली आणि माईकची आणि वायरीची भोकं आतून कायमची बंद केली. एका कॅसेटवरून दुसरी भरता येईल, पण बाहेरचा आवाज आत जाणार नाही. प्रचाराच्या कॅसेटींचं काम त्याबरोबर गेलं. मी म्हणालो, "कावून हो असं?" ते म्हणाले, "भैरं केलं त्याला. आता सुखानं झोपंल."

मतदान झालं आणि आमचा हा सहलीला गेलेला वीर सभापतीच्याच बाजूनं हात वर करून मोकळा झाला. कुठं, कधी, कशावर फिरला, देव जाणे. ज्याचा ठावठिकाणा लपवायला भाऊंनी गाळ्यावर पाणी सोडायची तयारी केली होती, तो गुलाल माखून सभापतीच्या गाडीतून गावात हिंडला.

दुसऱ्या दिवशी तो बूथवर आला. मी तेव्हा तिथंच सुटे मागायला गेलेलो. कॉलरवर गुलाल तसाच. म्हणाला, "भाऊ, माजा फोन झाल्यावर आमच्या घरचं माणूस अजून कुटं फोन लावत होतं म्हणं. कुणाला लावत होती? काय बोलत होती?"

भाऊंनी मान वर केली. "तुमचा फोन तुमचा. त्यांचा फोन त्यांचा."

"मी नवरा हाय तिचा."

"म्हणून तर तुमाला सांगत न्हाई."

असं तोंडावर बोलणारा माणूस मी तरी आमच्या रस्त्यावर दुसरा पाहिला नाही. तो दात खात म्हणाला, "सायबांनी गाळ्याचं माज्यावर सोपवलंय. सांगा, न्हाई तर उद्या सामान काडा."

"काडतो," भाऊ म्हणाले.

तो गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, काय बोलत होती हो ती?" भाऊ म्हणाले, "मला काय म्हाईत? म्या आवाज मोटा केलता. एक अक्षर ऐकू आलं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग त्याला तेच सांगायचं की! ऐकू आलं न्हाई म्हणायचं! खरं होतं, गाळा वाचला असता!"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. "तसं म्हणलो असतो तर त्याला वाटलं असतं, ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं."

सुटे पैसे तिथंच विसरून मी दुकानात येऊन बसलो. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकं भरूनही आलं होतं, की त्या संध्याकाळी एका गिऱ्हाईकाला मी दुसऱ्याच्याच कापडाचा तुकडा बांधून दिला.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी सामान हलवलं. धान्याच्या मोंढ्याच्या मागं पत्र्याची टपरी टाकली. मीही हातगाड्याला हात लावला. गाळ्यात पुढं मोबाईलचं दुकान आलं. टपरीवर फोनला कोण येणार? भाऊ चकत्यांवर गाणी भरून विकायचे, आणि खरं सांगतो, मजेत असायचे. मी गेलो की नवीन गाणं लावून म्हणायचे, "दम ऐका, अप्पा. बाईचा दम ऐका." त्या सदस्याची बायको त्याच वर्षी एका सकाळी माहेरी गेली आणि परत आली नाही. भाऊ त्यावरही काही बोलले नाहीत.

भाऊ गेले ते अचानक, टपरीतच, बसल्या जागी. दहाव्याला मी त्यांच्या घरी बसलेलो असताना एक बाई आली. पदर खांद्यावर, केस पिकू लागलेले, हात उघडे आणि स्वच्छ. वहिनींच्या शेजारी जाऊन बसली. वहिनींनी माझ्याकडं बघून खुणेनं विचारलं, कोण ह्या? मी ओळखलं होतं. मी मान हलवली, माहीत नाही म्हणून.

ती निघाली तेव्हा मी रस्त्यापर्यंत गेलो. फाट्यावर जीप उभी होती, माणसं चढत होती. ती थांबली. "अप्पा, वळखलं न्हवं?" मी हो म्हणालो. "त्या दिसांत मी फोनवर काय बोलत होते, ते भाऊंनी कदीच इचारलं न्हाई. एकदा येऊन त्यांना सांगावं असं लई वाटायचं. राहून गेलं. आता तुमाला तरी सांगते."

त्या भजनापलीकडं काय होतं, ह्याचा मी किती वर्षं विचार केला होता!

"ताई," मी म्हणालो, "जीप भरत आली. बसून घ्या, न्हाई तर उभ्यानं जावं लागंल."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि जाऊन खिडकीपाशी बसली. ती काय बोलत होती ते मला आजही माहीत नाही.