पेटीतला गुलाल

डब्लिनच्या विमानतळावर माझी पेटी उघडली गेली ती गुलालामुळे.

"हे काय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"जिंकल्यावर उधळतात."

"ग्रँड," म्हणत त्याने पुडी परत ठेवली. ग्रँड म्हणजे आपलं 'बेस'. इथे चहापासून पावसापर्यंत सगळंच ग्रँड.

बसने दोन तासांवर संग्रामचं गाव. संग्राम माझा मुलगा. हॉटेलात आचारी आणि गावच्या चार वर्षांपूर्वी निघालेल्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. क्लब गेल्या साली तळाला होता, यंदा शेवटचा सामना जिंकला की वरच्या गटात. मैदानाच्या कडेला मेंढ्या चरत होत्या. प्रेक्षक इतके गप्प, की आपल्याकडे सरावालाही याहून जास्त शिव्या ऐकू येतात.

कोल्हापुरात तो आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात होता. मित्राचा हात मोडला म्हणून शेजारच्या पेठेकडून एकच सामना खेळला, आणि तालमीने त्याला कायमचं काढलं. हा निर्णय घेणाऱ्या पंचांत मीही होतो. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. गुलाल आणला होता तो त्याला मनवायला.

शेजारी गळ्यात विरुद्ध संघाचा मफलर घातलेला एक म्हातारा सोडाब्रेड (भाकरीची जाडजूड चुलत बहीण) खात होता. अर्धा मलाही दिला. संग्रामने पेनल्टी अडवली तर हाच टाळ्या वाजवायला लागला!

"तुम्ही नक्की कुणाकडचे?" मी विचारलं.

"त्यांच्याकडचा. पण हा मुलगा मागच्या वर्षी आमच्याकडे होता. गुणी आहे."

लाज वाटली.

क्लब जिंकला. मी पुडी घेऊन धावलो. संग्राम मागे सरला.

"ऱ्हाऊ द्या, आबा."

"अरे, जिंकलास की!"

"त्या दिशी तालमीत पहिला हात कुणी वर केल्ता?"

"मीच. चुकलं माझं."

"हितं म्हणून काय उपेग? तालमीत म्हणा की."

"म्हणतो," मी शब्द दिला.

आठवड्याने परतलो. पेठेच्या कोपऱ्यावर भला मोठा बोर्ड: 'आयर्लंड गाजवणारा आमच्या तालमीचा ढाण्या वाघ!' ज्यांनी त्याला काढलं ते सगळे खाली शुभेच्छुक म्हणून हात जोडून उभे. पहिला फोटो माझा.

तालमीच्या दारात सगळे पंच जमले होते. सात समुद्र ओलांडणं सोपं, तो उंबरा अवघड. पुडी पेटीत तशीच होती, आणि 'चुकलं माझं' हे वाक्यही तोंडात तसंच.

"काय आबा, कसा झालाय बोर्ड?"

"बेस झालाय," मी म्हणालो.