मेसमधला मऊ पापड

आता तुमच्यापासून काय लपवू? माझ्या लाजेपायी आमचं एक पॅड कढईत जाता जाता वाचलं!

झालं असं. कंधारात आम्ही सातजणी मिळून सॅनिटरी पॅड बनवतो. शिलाई रेहानाभाभीकडं, विक्री माझ्याकडं. आता विक्रीवाल्या बाईला मालाचं नाव तरी घेता यावं का न्हाई? माझी जीभच उचलायची न्हाई!

लातूरला एका हॉस्टेलात क्लासच्या दोनशे पोरी राहायच्या. तिथल्या रेक्टरबाईंना आमचा माल पसंत पडला. मी हळूच म्हणलं, "बाई, फोनवर आपण पापड म्हणू. चारचौघांत बरं दिसत न्हाई." बाई हसल्या, बरं म्हणल्या.

आठवड्यानं फोन केला, तर उचलला मेसवाल्या मामांनी. बाई रजेवर.

"मामा, कंधारहून बोलते. ते... पापडाचं."

"हाव हाव, पाहिजेत की! पोरी कवाच्या मागून राहिल्या."

बघा, केवढा सुधारलेला माणूस! मला तर भरूनच आलं.

"दर रविवारी लागतील," मामा म्हणले.

दर रविवारी? मी मनाशी म्हणलं, दोनशे पोरी हायत, कुणाची ना कुणाची तारीख असणारच.

"ओल धरत न्हाईत ना?"

"धरत न्हाईत? मामा, लई धरतात! एक थेंब खाली जाऊ देत न्हाईत!"

 मामा चाचरत म्हणले, "बरं... या तर घेऊन. बघू."

रविवारी पॅडची बोरी भरून मी आन् भाभी यष्टीनं लातूरला. मामांनी बोरी थेट चुलीपाशी नेली. कढईत तेल तापलेलं, पोरी ताटं घेऊन रांगेत. मामांनी पाकीट फोडलं, एक काढलं, उलटंसुलटं केलं, दाबून पाहिलं.

"ताई, हा कुठला पापड? गादीवानी लागून राहिला!"

वाटलं, त्या कढईत आपणच उडी टाकावी.

भाभी मात्र पुढं झाली. "मामू, तलो नक्को! पॅड हैं. पोरींच्या पाळीचे!"

 रांगेत कुणी तरी 'खी' केलं, आन् सगळ्या पोरी हसत सुटल्या! मामा लालबुंद.

तेवढ्यात नायगावची एक पोरगी ताट ठेवून पुढं आली. "ताई, हे रातभर पुरतं का?"

मी बघतच राहिले. माझं माहेर लातूरकडलं; त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो. कापड वाळवायला आडोसा नव्हता. दर महिन्याला शाळा बुडायची, बुडता बुडता सुटलीच. आन् ही पोरगी भरल्या मेसमधी खणखणीत विचारून राहिली!

मग माझी बी जीभ सुटली. कसं वापरायचं, कवा बदलायचं, समदं सांगितलं. भाजी निवली, पर बोरी रिकामी झाली! निघताना मामा मान खाली घालून म्हणले, "पुढल्या खेपेला माझ्या दोन लेकींसाठी बी आणा."

छाती फुगवून घरी आले. घरी बी मी पापडच सांगून ठेवलेलं! आज सासऱ्यांना खरं सांगायचंच, असं ठरवलं.

"आबा, आमचा गट पापड करत न्हाई. पॅड करतो. पाळीचे."

आबांनी पेपरातून मान सुदिक वर काढली न्हाई.

"ते ठाऊक हाय मला. वर्ष झालं घरात पापडाचा धंदा चालून राहिला, आन् माझ्या ताटात एक तरी पापड पडला का?"