होलेंडर आणि नसलेला कोबी

इतके कमी गोल करून इतकी गावं हिंडलेला दुसरा फुटबॉलपटू मी पाहिलेला नाही. ‘पाहिलेला नाही’ हे शब्द जपून लिहितो आहे. त्याचं कारण पुढे येईल. तो सेंटर फॉरवर्ड होता, म्हणजे गोल करण्यासाठीच त्याला पगार मिळत असे. हॉलंडमधल्या दोन, बेल्जियममधल्या एका आणि जर्मनीतल्या चार क्लबांनी त्याला हा पगार दिला आणि वर्ष-दीड वर्षानंतर प्रत्येकाने त्याच्याशी हस्तांदोलन करून त्याला स्टेशनपर्यंत पोचवलं. त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे. ट्रेनर म्हणत, ‘माणूस फार चांगला आहे,’ आणि दुसऱ्या कोणाला तरी खेळवत.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीला मी आखनच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकत होतो. त्याआधी दोन वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि त्या ओळखीवर दर महिन्याला ‘जर्मनीचे पत्र’ पाठवत असे. आमचे वृत्तसंपादक तपकीर ओढता ओढता एकच गोष्ट शिकवत. “पाहिलं असेल तर पाहिलं लिहा. ऐकलं असेल तर कोणाकडून ते लिहा. दोन्ही नसेल तर घरी जा.” आखनला मी एका विधवा बाईंच्या घरी भाड्याने राहत होतो. माझ्या पलीकडच्या खोलीत हा डच माणूस आला. घरमालकीणबाई त्याला ‘होलेंडर’, म्हणजे हॉलंडवाला, म्हणत, मग सगळं घरच म्हणू लागलं.

होलेंडरची बॅग कधी रिकामी होत नसे. शर्ट बॅगेतून निघे, अंगावर चढे, धुतला जाई आणि घडी होऊन परत बॅगेत जाई. खोलीत शिसवी कपाट होतं, त्यात तो बटाटे ठेवी. कपडे कपाटात लावले की क्लब सुटतो, असा त्याचा अनुभव होता. एकदा घरमालकीणबाईंनी मायेने त्याचे सगळे शर्ट इस्त्री करून कपाटात टांगले. त्याने ते पाहिलं, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “आल्झो, तर मग किती दिवस उरले?” पुढच्याच रविवारी त्याला संघातून वगळलं. बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी स्वतःच्या हाताने शर्ट बॅगेत भरले आणि बटाटे मोजून कपाटात ठेवले.

गोल किती केले हे त्याला सांगता येत नसे, पण चेंडू किती वेळा खांबाला लागला हे गावासकट सांगता येई. तेव्हा गोलाचे खांब लाकडी असत. सामना संपल्यावर बाकीचे अंघोळीला जात आणि हा चिखल तुडवत त्या खांबापाशी जाऊन त्याला दोन थापट्या मारून येई. “त्याची काय चूक?” मला म्हणे. “तो बिचारा आपल्या जागेवर उभा होता.”

खाण्यात त्याला धर्म नव्हता. सकाळी पावावर लोणी आणि त्यावर चॉकलेटचा चुरा. मी रविवारी पोळ्या केल्या तर पोळीवरही तोच चुरा. आईने पाठवलेलं कैरीचं लोणचं त्याने मुरंबा समजून पावाला जाड लावलं आणि पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी पाणी आणायला उठलो तर हाताने थांबवून म्हणाला, “थांब. आता कुठे चव कळतेय.” बरणी आठवड्यात संपली. सायकलवरून मात्र आमचं कायम वाजे. मी म्हणे, सायकलींचं गाव पुणं. तो म्हणे, “तुमच्याकडे सायकली असतील. आमच्याकडे दुसरं काही नाहीच.” शेवटी गावाच्या उत्तरेच्या टेकडीवर शर्यत लावली. अर्ध्या चढावर तो उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. धापा टाकत ओरडला, “ही फसवणूक आहे! जमीन वाकडी आहे!” हॉलंडमध्ये चढ नसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याची आई सीमेपलीकडच्या गावात राहत असे, बसने अर्धा तास. युद्धात तिने जे पाहिलं त्यानंतर जर्मनीच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि मुलगा जर्मनांकडून खेळायला लागला तरी ते मोडलं नाही. तो दर सोमवारी मळके कपडे घेऊन तिच्याकडे जाई आणि धुतलेले कपडे व लोणी घेऊन परते. नाक्यावरचा कस्टमवाला त्याला ओळखत असे.

“काही जाहीर करायचंय?”

“एकही गोल नाही.”

“मग लोणी?”

“ते आहे.”

क्लब प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी दोन पास देत असे. एक तो घरमालकीणबाईंना देई. दुसरा आईचा. ती येणार नाही हे माहीत असूनही तो ‘आईची जागा’ म्हणे. आमची ओळख झाल्यापासून तो पास मला मिळू लागला. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर, माझ्या कपाखाली, तो पास ठेवलेला असे. सोमवारी आई त्याला आधी विचारी, “माझ्या जागेवर कोण बसलं होतं?” आणि तो सांगे, “भारतीय.” तिला ते आवडत असे. जर्मन बसला नाही ना, एवढंच तिला हवं होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी गेलो नाही. आजारी नव्हतो. बाहेर गार धुकं होतं, आणि आदल्या दिवशी पुण्याहून बोटीच्या टपालाने दीड महिना जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला होता. मी दुलईत शिरून ती वाचत पडलो. संध्याकाळी घरमालकीणबाई आल्या. ओले हातमोजे शेगडीवर टाकत त्या म्हणाल्या, “अरे देवा, काय सांगू! शेवटचं मिनिट. गोलकीपर आडवा पडलेला. समोर मोकळा गोल, इथून त्या खुर्चीपर्यंतचं अंतर. आणि आमच्या होलेंडरने चेंडू पाठवला भिंतीपलीकडे, बागांत!” त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. होलेंडर आला तो सरळ खोलीत गेला.

त्या महिन्याचं माझं पत्र लिहायचं राहिलं होतं. मी बसलो आणि तासाभरात ‘गोलाशी वैर असलेला खेळाडू’ लिहून काढलं. बॅग, बटाटे, खांब, लोणचं, सगळं त्यात घातलं. त्याला मी ‘नग’ म्हटलं. आणि शेवटी लिहिलं: ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मोकळ्या गोलासमोर या वीराने उजवा पाय असा काही फिरवला की चेंडू भिंत ओलांडून शेजारच्या मळ्यातल्या कोबीत जाऊन पडला, आणि तो चेंडू कोणता आणि कोबी कोणता हे अजून कोणाला कळलेलं नाही.’ पाय कोणता हे बाईंनी सांगितलं नव्हतं. कोबी तर त्यांच्या बोलण्यात नव्हताच. तो माझा. लिहिताना मला एकदाही थांबावंसं वाटलं नाही. इथे मराठी कोण वाचतंय, असं वाटलं होतं.

सोबत छापायला फोटो हवा होता, तो मी त्याच्याकडूनच मागून घेतला. केस पाण्याने बसवलेला, गळ्यात टाय असलेला फोटो त्याने दिला आणि विचारलं, “खरंच? भारतात?”

अंक फेब्रुवारीत आला. स्वयंपाकघरात मी वेष्टण फाडलं तेव्हा तो समोरच बसला होता. समोरून उलटा दिसत असूनही फोटो त्याने ओळखला. जर्मन वर्तमानपत्रांत तोवर त्याचं फक्त आडनाव येई, संघाच्या यादीत, आणि बहुतेक वेळा चुकीचं. इथे दोन कॉलम होते.

“काय लिहिलंय?”

“लिहिलंय की तू अथक आहेस.”

“आणखी?”

“आणखी… अथक.”

“एवढ्या सगळ्यात एकच शब्द?”

“आमची भाषा जरा लांबण लावते,” मी म्हणालो.

तो शब्द त्याने चार-पाच वेळा म्हणून पाठ केला. ‘आताक.’ कात्रण कापून पाकिटात घातलं. ट्रेनरला दाखवलं, बेकरीत दाखवलं, कस्टमवाल्याला दाखवलं, आणि सोमवारी आईला. उन्हाळ्यात क्लबने त्याच्याशी हस्तांदोलन केलं. बॅग भरलेलीच होती. बटाटे त्याने मला दिले. मी त्याला स्टेशनवर पोचवलं आणि गाडी सुटल्यावर मला हायसं वाटलं, हेही नमूद केलं पाहिजे.

पदवीनंतर मला न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात नोकरी लागली. साठ साल मागे पडून तीन-चार वर्षं झाली असतील. एका शनिवारच्या स्थानिक पत्रात, अगदी खालच्या वर्गातल्या क्लबांच्या याद्यांत, मला त्याचं आडनाव दिसलं. एक अक्षर चुकलेलं होतं, म्हणून खात्री पटली. रविवारी बस पकडून त्या गावी गेलो. तिथे खुर्च्या नव्हत्या, मैदानाभोवती दोर बांधला होता आणि दोरामागे साठ-सत्तर माणसं आणि दोन कुत्री होती. होलेंडर जाड झाला होता, टक्कल पडलं होतं. आठवडाभर तो पेन्सिलींच्या कारखान्यात काम करी आणि रविवारी खेळे. मी संपूर्ण सामना पाहिला. खिशातून हातसुद्धा काढला नाही. उत्तरार्धात त्याने एक गोल केला. त्याचा मी पाहिलेला तो तिसरा.

सामन्यानंतर क्लबच्या खोलीत आम्ही कॉफी घेतली. घरमालकीणबाईंची चौकशी झाली. त्याची आई वारली होती. मग त्याने पाकीट काढलं. कात्रण घड्यांवर फाटलं होतं, मागून चिकटपट्टी लावली होती.

“मला जो भारतीय भेटला त्याला मी हे दाखवलं,” तो म्हणाला. “बहुतेक म्हणाले, आम्हाला वाचता येत नाही. मला ते खोटं वाटायचं. तिघांना वाचता आलं. एक आखनलाच, नागपूरचा, पीएचडी करणारा. तो म्हणाला, तुझ्या वेगाचं कौतुक आहे. दुसरा म्हणाला, तुला वाघ म्हटलंय. तिसरा इथल्याच कारखान्यातला इंजिनियर, कोल्हापूरचा. तो म्हणाला, हे मुख्यतः हॉलंडच्या हवेविषयी आहे.”

मी कप बशीत ठेवला.

“तिघे तीन गोष्टी बोलले. पण तिघेही एकाच जागी थांबले आणि माझ्याकडे बघून परत खाली बघायला लागले.” त्याने बोट ठेवलं. “इथे. बचाव करणारा खोटं कुठे बोलतो ते फॉरवर्डला कळतं रे. गोल करता आला नाही तरी कळतं. आता तू वाच. तुझंच आहे.”

मी ते वाक्य जर्मनमध्ये वाचलं. स्वतःच्या डोळ्यांपासून कोबीपर्यंत. काही गाळलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत काटेकोर भाषांतर असावं.

तो म्हणाला, “डावा.”

“काय?”

“डावा पाय होता. आणि कोबी नव्हता. नोव्हेंबरात कसला कोबी? बागा रिकाम्या होत्या.” त्याने कॉफी ढवळली. “आणि तू नव्हतास.”

मी होकारार्थी मान हलवली.

“चेंडू गेला तेव्हा मी आधी तुमच्याकडे पाहिलं. तुझ्या जागेवर बाईंची पिशवी होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, घरातल्या एकाने तरी हे पाहिलं नाही.” तो हसला. “सोमवारी आईने विचारलं. मी सांगितलं, हो, भारतीय बसला होता.”

मी त्याला म्हणालो, ते कात्रण मला दे, फाडून टाकतो. त्याने ते घाईने पाकिटात घातलं. “का? फोटो चांगला आलाय.”

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला दुरुस्ती पाठवली. उजवा नव्हे, डावा. कोबी नव्हता. बातमीदार हजर नव्हता. माझे वृत्तसंपादक तोवर निवृत्त झाले होते. नव्यांनी सौजन्याने कळवलं की इतक्या जुन्या मजकुराची दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही आणि तो लेख आता कोणाच्याही स्मरणात नाही. पद्धत मला माहीत होती. वाक्याचा दुसरा भाग मात्र चूक होता.

पण ते नंतरचं. त्या रविवारी तो मला बसपर्यंत पोचवायला आला. वाटेत मैदान लागलं तेव्हा मला थांबायला सांगून आत गेला आणि पलीकडच्या खांबाला दोन थापट्या मारून आला. पहिल्या अर्ध्या तासातच होलेंडरचा एक चेंडू त्या खांबाला लागला होता. बस वळणावर दिसली. मी हात पुढे केला, तो त्याने धरला आणि सोडला नाही.

“आजचा गोल,” तो म्हणाला. “कुठल्या पायाने?”

“पायाने नाही,” मी म्हणालो. “गुडघ्याने. उजव्या. आणि तुझं लक्ष दुसरीकडे होतं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला आणि माझा हात सोडला.