आधी समोरच्याची बाजू

माझी धाकटी जाऊ पडदे शिवते आणि संध्याकाळी तरुण मुलांना जमायला, खेळायला एक खोली चालवते. खोली म्हणजे जुन्या अग्निशामक केंद्राचा मागचा भाग. एक टेबल टेनिसचं टेबल, थोड्या खुर्च्या आणि छताला ओल. भाडं, वीज आणि खेळाच्या शिक्षकाचा पगार नगर परिषद देते. म्हणजे देत होती.

त्या खोलीत एक नियम आहे. एकदा दोन पोरांनी भांडून टेबल टेनिसची बॅट मोडली, तेव्हा जाऊबाईंनी तो काढला. वाद झाला की आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही त्याला पटेल अशी. मग आपलं बोलायचं. पोरं आधी वैतागली, पण पुढे त्यांना त्याची गोडीच लागली. माझे दीर म्हणतात, "हिच्याशी भांडायचं म्हणजे आधी हिचीच वकिली करावी लागते. तोवर माझा राग जातो, जेवण गार होतं."

यंदा परिषदेला नदीकाठी पायवाट करायची हुक्की आली. पायवाट वाईट नाही, मलाही चालायला हवीच आहे. पण तिच्यासाठी लागणारे पैसे मुलांच्या खोलीतून काढायचं घाटत होतं. म्हणून जाऊबाई मुलांना घेऊन सभेला निघाल्या. मीही गेले. देवाचं नाव घेत मागच्या बाकावर बसले.

आमचा विषय सगळ्यात शेवटी होता. त्याआधी पायवाटेवर खडी घालायची की फरशी, यावर खल झाला. मग बाकांना पाठ हवी की नको, हे निघालं. एक सभासद म्हणाले, पाठ असली की लोक झोपतात. दुसरे म्हणाले, नसली की म्हातारे पडतात. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, तरी बाकांना पाठ मिळेना.

जाऊबाई कुजबुजल्या, "वहिनी, यांनी आमच्या खोलीवर याच्या निम्मं जरी डोकं चालवलं असतं ना!"

शेवटी आमची हाक आली. मुलांच्या वतीने बेकरीवाल्यांची मुलगी उठली. खोलीत सगळ्यात चांगलं बोलणारी तीच. मी हात जोडले. आणि पोरीने काय करावं? खोलीचा नियम पाळला!

"नदीकाठी पायवाट व्हायलाच हवी," तिने सुरुवात केली. म्हाताऱ्यांना मोकळी हवा, आजाऱ्यांना सपाट रस्ता, लहानग्यांना गाड्यांपासून लांब सायकल. इतकं सुरेख बोलली की खडीवाले सभासद लिहायचे थांबून ऐकत बसले. मी जाऊबाईंचा दंड धरला. "अहो, आपलं कधी बोलणार ही?"

"आता वळेल," त्या म्हणाल्या. त्यांची नजर अध्यक्षांच्या टेबलावरच्या घंटेवर होती.

"आता आमची बाजू," मुलगी म्हणाली, आणि घंटा वाजली.

"वेळ संपली, बाळ," अध्यक्ष म्हणाले. "फार समंजस बोललीस. तरुणांचाही पायवाटेला पाठिंबा आहे, अशी नोंद घ्या."

"अहो, तिचं अर्धंच झालंय!" जाऊबाई उभ्या राहिल्या.

"बाई, मध्ये बोलू नका. खाली बसा."

हात वर झाले. खोलीचे पैसे पायवाटेला गेले. कोणीतरी म्हणालं, तरुणांनाही चालता येईलच की तिथे.

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "हा कसला नियम? घर जळताना आधी आगीची बाजू मांडायची का?"

मुलीने ते ऐकलं. ती एकटीच पुढे निघून गेली. मी तेव्हा जीभ आवरायला हवी होती.

जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी परिषदेचं कार्यालय गाठलं. कारकून म्हणाला, फेरविचार होऊ शकतो, पण ज्याचं बोलणं अर्धवट राहिलं त्यानेच येऊन ते पुरं करायला हवं. दुसऱ्या कोणाचं चालणार नाही.

आणि मुलगी म्हणते, "मावशी, मी आता कुठेच बोलणार नाही."

तेव्हापासून जाऊबाई रोज बेकरीत जातात. मुलगी गल्ल्यावर मान खाली घालून बसते. ह्या समजावतात. मागे गिऱ्हाईकं ताटकळतात. बेकरीवाले म्हणतात, "ताई, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा." मग ह्या पाव घेतात आणि परत येतात. काल मीही गेले, तिची माफी मागितली. तिने मान हलवली आणि विचारलं, "मोठा देऊ की लहान?"

घरात पाव संपता संपत नाही. दीर निमूटपणे भाजून खातात. पुढची सभा सोमवारी आहे. मी रोज देवाला एकच सांगते, खोलीचं तू बघ, पण त्या पोरीला आधी बोलतं कर.